झडपकोळी : पालन आणि निरीक्षण

कोळी म्हटला की डोळ्यांपुढे जाळे येते. आढ्याच्या कोपऱ्यात किंवा कुंपणाच्या दोन फांद्यांमध्ये टांगलेले जाळे आणि त्यात टपून बसलेला त्याचा मालक, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु कोळ्यांच्या विस्तीर्ण वंशात असेही काही आहेत की, जे हवेत जाळे विणीत नाहीत. ते जमिनीत नळीसारखे बीळ खोदतात, त्याला आतून रेशमाचे अस्तर लावतात आणि बिळाच्या तोंडावर बिजागरीचे झाकण बसवतात. झाकण मिटले म्हणजे ते भोवतालच्या मातीशी इतके एकरूप होते की, त्यावर पाय पडला तरी खाली कोणी राहत असेल अशी शंकाही येत नाही. अंधार पडला की हे झाकण किंचित उचलले जाते. जवळून जाणाऱ्या किड्यावर आतील प्राणी झडप घालतो आणि क्षणार्धात भक्ष्यासह नाहीसा होतो. दाराची झडप आणि भक्ष्यावरील झडप, अशा दोन्ही अर्थांनी ह्या प्राण्यास झडपकोळी हे नाव शोभते.

असा प्राणी घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत पाळता येईल काय, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत व युरोपात अनेक हौशी लोक झडपकोळी पाळतात. त्याला जागा थोडी लागते, अन्न थोडे लागते आणि त्याचा आवाज किंवा उपद्रव मुळीच नसतो. तथापि पोपट, ससा किंवा काचपात्रातील मासे पाळणे आणि झडपकोळी पाळणे ह्यांत एक मूलभूत भेद आहे. इतर प्राणी दिसावेत म्हणून पाळले जातात. झडपकोळी जितका सुखरूप, तितका तो कमी दिसतो. पाळणाऱ्याच्या वाट्याला बहुधा मातीचा एक लहानसा पृष्ठभाग आणि त्यावरील नाण्याएवढी एक चकती एवढेच येते. ही अट ज्यास मान्य असेल त्यानेच ह्या वाटेस जावे.

दार आणि दारामागील प्राणी

झडपकोळी ही एकच जात नव्हे. झाकणाचे बीळ करणारे कोळी निरनिराळ्या कुलांत विभागलेले असून ते जगातील बहुतेक उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात. त्यांतील बहुतेक कोळ्यांच्या एका प्राचीन शाखेत मोडतात. केसाळ, थोराड शरीराचे टॅरँट्युला कोळी ह्याच शाखेतील होत. घरात दिसणाऱ्या सामान्य कोळ्याचे विषदंत चिमट्याच्या पात्यांप्रमाणे एकमेकांकडे वळलेले असतात. ह्या शाखेतील कोळ्यांचे विषदंत कुदळीच्या दोन पात्यांप्रमाणे समांतर असून वरून खाली उतरतात. श्वसनासाठी त्यांना पुस्तकाच्या पानांसारख्या पडद्यांची दोन जोड फुप्फुसे असतात. फ्रान्समधील व्होज पर्वताच्या परिसरात ह्या शाखेतील एका कोळ्याचे जीवाश्म सापडले असून त्याचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे अवाढव्य डायनोसॉर पृथ्वीवर पसरण्यापूर्वीच ह्या शाखेचे कोळी येथे नांदत होते.

खोदण्याचे साधन झडपकोळ्याच्या तोंडाशीच असते. पुष्कळ जातींत विषदंतांच्या बुडाशी जाड, आखूड काट्यांची एक रांग असते. शेतकरी दंताळ्याने ढेकळे ओढतो त्याप्रमाणे हा प्राणी त्या काट्यांनी माती उकरतो, तिची गोळी करतो आणि ती बाहेर नेऊन टाकतो. भिंतीची माती दाबून, ओलावून घट्ट केली जाते व तिच्यावर रेशमाचा थर चढतो. त्यामुळे सैल जमिनीतही बीळ ढासळत नाही.

झाकणाचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारचे झाकण जाड असते. मातीचे व रेशमाचे थर एकावर एक चढवून ते तयार होते आणि त्याची कड तिरपी असल्यामुळे बाटलीच्या तोंडात बूच बसावे तसे ते बिळाच्या तोंडात घट्ट बसते. दुसऱ्या प्रकारचे झाकण पातळ, पापडासारखे असून त्यात रेशमाचा भाग अधिक असतो. बिजागरी दोन्हींत रेशमाचीच. बीळ उतारावर असेल तर बिजागरी बहुधा वरच्या बाजूस असते. त्यामुळे कोळ्याने सोडताच झाकण स्वतःच्या भाराने मिटते. कोणी बाहेरून उघडू लागल्यास मादी झाकणाच्या आतील बाजूस नखे व विषदंत रोवून आणि पाय भिंतींना टेकून ते आत ओढून धरते. पातळ पात्याने झाकण उचलू पाहणाऱ्यास त्या इवल्या प्राण्याच्या बळाचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

मेन्टनच्या उतारावरील प्रयोग

झडपकोळ्याचे पद्धतशीर निरीक्षण करणाऱ्यांत जॉन ट्रेहर्न मॉग्रिज ह्या इंग्रज निसर्गाभ्यासकाचे नाव अग्रभागी येते. प्रकृती क्षीण असल्यामुळे तो हिवाळ्यात दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरील मेन्टन ह्या गावी राहत असे. तेथील बांधांच्या व उतारांच्या मातीत त्याला झडपकोळ्यांची बिळे आढळली. मुंग्या व झडपकोळी ह्यांवरील त्याचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी त्याची पुरवणी निघाली आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, मॉग्रिज मृत्यू पावला.

त्याचा एक साधा प्रयोग आजही मननीय आहे. शेवाळाने आच्छादिलेल्या जमिनीत एक बीळ होते आणि त्याच्या झाकणावरही शेवाळ होते, त्यामुळे ते सहज ओळखू येत नसे. मॉग्रिजने ते झाकण काढून टाकले आणि भोवतालचे शेवाळही खरवडून जमीन उघडी केली. कोळ्याने नवे झाकण केले. परंतु त्यावर लावण्यासाठी त्याने उघड्या जागेपलीकडून शेवाळ आणले. परिणाम असा झाला की, तपकिरी मातीच्या मध्यभागी हिरवा ठिपका उठून दिसू लागला. जे लपविण्यासाठी होते तेच खूण बनले. झाकण सजविण्याची ही कुशलता विचाराने आलेली नसून उपजत प्रवृत्तीने आलेली आहे, हे ह्या प्रयोगाने स्पष्ट झाले.

पाळणाऱ्याने ह्यातून एक धडा घ्यावयाचा आहे. उपजत प्रवृत्ती अचूक खरी, पण ती ज्या परिस्थितीत घडली त्या परिस्थितीपुरतीच अचूक असते. परिस्थिती बदलली तर प्राणी आपले नेहमीचेच काम करीत राहतो आणि त्याच कामाने संकटात सापडतो. बरणीत ठेवलेला झडपकोळी आपले घर आपणच बांधील. पण त्या घरासाठी योग्य माती, योग्य ओलावा आणि योग्य खोली देणे हे सर्वस्वी पाळणाऱ्याचे काम आहे.

बरणीची सिद्धता

नवशिक्याने प्रारंभ प्रौढ मादीने करू नये; बंदिवासात जन्मलेल्या लहान पिलाने करावा. त्याचे कारण पुढे येईल. परदेशी जातीचा प्राणी आणावयाचा झाल्यास शासनाची परवानगी आवश्यक असते, हेही प्रथमच ध्यानात ठेवावे.

पात्र रुंदीपेक्षा उंचीने अधिक असावे. लहान पिलास १० ते १२ सेंटिमीटर उंचीची काचेची बाटली पुरते. मध्यम आकाराच्या वाढलेल्या कोळ्यास सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि १५ सेंटिमीटर रुंद बरणी घ्यावी. झाकणास बारीक छिद्रे पाडावीत किंवा बारीक जाळी बसवावी.

माती हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. कुंडीत वापरतात तसली भुसभुशीत, खतमिश्रित माती येथे निरुपयोगी आहे, कारण तीत बीळ टिकत नाही. चिकणमाती व पोयटा ह्यांत थोडी बारीक वाळू मिसळावी. मिश्रण योग्य झाले की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. ओलसर माती मुठीत दाबून तिचा लाडू करावा आणि त्यात पेन्सिल खुपसून काढावी. छिद्र जसेच्या तसे राहिले, बोटांना चिखल लागला नाही आणि लाडू फुटलाही नाही, तर माती योग्य समजावी. वापरण्यापूर्वी ती लोखंडी तव्यावर चांगली भाजून घ्यावी, म्हणजे तीतील मुंग्यांची अंडी, बारीक किडे व बुरशी नष्ट होतात. पूर्ण थंड झाल्यावर ती पुन्हा ओलसर करून बरणीत थराथराने दाबून भरावी. वरती पाच-सहा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. भरतानाच एका कडेला एक बारीक नळी तळापर्यंत उभी ठेवावी. तिचा उपयोग पुढे पाणी देण्यासाठी होतो.

पृष्ठभाग किंचित उतरता करावा. मध्यभागापासून थोड्या अंतरावर, कोळ्याच्या अंगाहून जरा रुंद असे चार-पाच सेंटिमीटर खोल छिद्र तिरपे पाडावे. भोवताली थोडे शेवाळ, वाळलेल्या पानांचा चुरा व काटक्यांचे बारीक तुकडे पसरावेत. झाकणासाठी कोळी त्यांचा उपयोग करील. बरणीभोवती काळ्या कागदाचे नळकांडे सरकवून ठेवल्यास आणखी एक लाभ होतो. पुष्कळदा कोळी काचेला लागून बीळ खोदतो, आणि मग कागद अलगद वर सरकवून बिळाचा आतील भाग काही क्षण पाहता येतो. त्यासाठी विजेच्या बत्तीवर लाल कागद लावावा. लाल प्रकाशाने कोळी फारसा विचलित होत नाही.

कोळ्यास संध्याकाळी सोडावे. त्यास हातात कधीही घेऊ नये. मऊ कुंचल्याने त्याला हळूच एका लहान पेल्यात सारावे आणि तो पेला छिद्राजवळ आडवा ठेवावा. ह्या प्राण्याचे विषदंत मोठे असतात आणि डिवचल्यास तो चावतो. दंश वेदनादायक असू शकतो, आणि सर्व जातींचे विष सारखे नसते. ऑस्ट्रेलियातील ‘माउस स्पायडर’ नावाचे झाकणाचे बीळ करणारे कोळी तर माणसालाही धोकादायक मानले जातात. पाळणाऱ्याची सुरक्षितता आणि प्राण्याची सुरक्षितता ह्या दोहोंसाठी नियम एकच : स्पर्श करू नये.

एखादा कोळी पहिल्याच रात्री छिद्रात शिरून काम सुरू करतो. एखादा दोनचार दिवस घेतो. आठवडा उलटूनही तो पृष्ठभागावर भटकत असेल तर मातीत काही उणे आहे असे समजावे. बहुधा ती फार कोरडी किंवा फार ओली असते.

अन्न, पाणी आणि उष्णता

नैसर्गिक अवस्थेत झडपकोळी अन्नाच्या शोधार्थ फिरत नाही. रात्री झाकणाची फट करून तो पुढच्या पायांची टोके कडेशी टेकवून बसतो आणि जमिनीतून येणाऱ्या कंपनांवरून भक्ष्य ओळखतो. म्हणून त्याला जिवंत, हालचाल करणारे अन्नच द्यावे लागते. लहान रातकिडे, कोवळी झुरळे, पिठातील अळ्या हे अन्न योग्य होय. किडा कोळ्याच्या उदराहून मोठा नसावा. आठवड्यातून एकदा, दिवस मावळल्यावर, एक किडा पुरेसा आहे. सकाळपर्यंत तो खाल्ला गेला नाही तर चिमट्याने काढून घ्यावा. कोळ्याने बाहेर टाकलेले अवशेषही काढून घ्यावेत, अन्यथा त्यांवर बुरशी येते.

ज्या घरात कीटकनाशकाचा फवारा वापरला जातो तेथील झुरळे कधीही देऊ नयेत. कीटकांना मारणारी बहुतेक विषे कोळ्यांनाही मारतात. त्याच कारणास्तव बरणी असलेल्या खोलीत डास मारण्याचे औषध फवारू नये.

पाण्यासंबंधी नवशिक्याच्या हातून सर्वाधिक चुका होतात. बिळाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नये. तळापर्यंत उभ्या ठेवलेल्या नळीतून थोडे पाणी द्यावे, म्हणजे खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा जवळजवळ कोरडा होतो. कोळी मग वर किंवा खाली सरकून आपल्यास हवा तो ओलावा निवडतो. आठवड्यातून एकदा पृष्ठभागावर, झाकणापासून दूर, ड्रॉपरने थोडे थेंब टाकावेत.

येथे बिळाचे खरे प्रयोजन समजून घेतले पाहिजे. बीळ म्हणजे केवळ लपण्याची जागा नव्हे. उन्हाळ्यात वरची जमीन तापते, पण काही वितींखाली उष्णतेतील चढउतार पुष्कळ कमी होतो. वरची माती भेगाळते, पण खाली ओल टिकून राहते. झाकणाने ही स्थिर हवा आत कोंडून ठेविली जाते. झडपकोळ्याचे शरीर कोरड्या हवेत लवकर सुकते, आणि ह्या नळीनेच ते तगते. बरणीतील मातीला मात्र हे सामर्थ्य नसते. ती चोहोबाजूंनी तापते व चोहोबाजूंनी सुकते. म्हणून जे काम जमीन करीत होती ते पाळणाऱ्याने करावयाचे असते. बरणी उन्हात किंवा खिडकीत ठेवू नये. २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान बहुतेक जातींना मानवते. कडक उन्हाळ्यात, माठ ठेवतो तशा सावलीच्या जागी, ओल्या वाळूच्या परातीत बरणी ठेवल्यास ती थंड राहते.

मिटलेले दार

काही महिने सर्व सुरळीत चालल्यावर एके दिवशी झाकण उघडेनासे होते. टाकलेला किडा तसाच राहतो. आठवडा जातो, दुसरा जातो. कधी झाकणाची कड आतून रेशमाने शिवून टाकलेली दिसते. अशा वेळी नवशिक्याचा धीर सुटतो आणि तो बीळ उकरून पाहतो. झडपकोळी पाळणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक हीच होय.

दार बंद होण्याची कारणे अनेक असतात. कोळी कात टाकीत असेल. त्या वेळी त्याचे नवे कवच मऊ असते आणि किंचित धक्क्यानेही त्याला इजा होते. मादीने अंड्यांची पिशवी केली असेल. ऋतू प्रतिकूल असल्यामुळे ती स्वस्थ बसली असेल. पोट भरलेला प्रौढ कोळी महिनोन्‌महिने अन्नावाचून राहू शकतो. तेव्हा दार बंद असता काहीही करू नये. तळाची ओल मात्र कायम ठेवावी. कोळी जिवंत आहे की नाही अशी शंका आल्यास संध्याकाळी झाकणावर गवताची एक बारीक काडी आडवी ठेवावी आणि सकाळी पाहावी. ती सरकली असेल तर आत हालचाल आहे. सरकली नसेल तर पुन्हा काही दिवसांनी ठेवावी.

नरासंबंधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वयात आल्यावर नर बीळ सोडतो आणि मादीच्या शोधार्थ भटकू लागतो. त्यानंतर तो नवे बीळ बांधीत नाही, अन्नही फारसे घेत नाही आणि अल्पकाळातच मरतो. हा रोग नव्हे. नराचे आयुष्य तेवढेच असते. मादीचे तसे नाही. ती बिळातच राहते आणि वर्षानुवर्षे जगते. किती वर्षे, ह्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील एका मादीने दिले आहे.

क्रमांक १६

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात, टॅमिन गावाजवळ, नॉर्थ बंगुला हे राखीव क्षेत्र आहे. तेथे १९७४ मध्ये बार्बरा यॉर्क मेन ह्या प्राणिशास्त्रज्ञ स्त्रीने झडपकोळ्यांच्या एका वस्तीचा अभ्यास आरंभिला. त्या जातीचे आजचे शास्त्रीय नाव गायस व्हिलोसस असे आहे. हा कोळी बिळाच्या तोंडाभोवती बारीक काटक्या पंख्याप्रमाणे मांडतो. त्यांवरून जाणाऱ्या किड्याची चाहूल त्यास आत बसल्याबसल्या लागते. मेन ह्यांनी कोळी उकरून नेले नाहीत. त्यांनी प्रत्येक बिळाजवळ एक खुंटी ठोकली, तिच्यावर क्रमांक घातला आणि त्या वर्षामागून वर्षे तेथे जाऊन कोणते बीळ नांदते आहे व कोणते उजाड झाले आहे ह्याची नोंद करीत राहिल्या.

आईच्या बिळातून बाहेर पडून स्वतःचे बीळ करणाऱ्या पिलांपैकी एकास १६ हा क्रमांक मिळाला. ह्या जातीची मादी आयुष्यभर एकाच बिळात राहते आणि सोडलेल्या बिळात दुसरी मादी येऊन राहत नाही. त्यामुळे खुंटीवरील क्रमांक हाच त्या मादीच्या वयाचा पुरावा ठरला. नोंदी ठेवणारे हात पुढे बदलले, वहीची पाने बदलली. क्रमांक १६ मात्र आपल्या जागी होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये लीअँडा मेसन ही संशोधिका तेथे गेली तेव्हा झाकणास भोक पडलेले दिसले आणि बीळ रिकामे होते. कोळ्यांच्या शरीरावर अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीने आत प्रवेश केल्याचे ते चिन्ह होते. मादीचे वय त्या वेळी ४३ वर्षे होते. २०१८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. एवढी वर्षे जगल्याची निश्चित नोंद त्यापूर्वी कोणत्याही कोळ्याची नव्हती. बार्बरा यॉर्क मेन २०१९ मध्ये निवर्तल्या.

ह्या एका नोंदीतून पाळणाऱ्यासाठी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, झडपकोळ्याची मादी पाळणे म्हणजे दीर्घकालीन दायित्व पत्करणे होय. सर्वच जाती इतक्या दीर्घायुषी असतील असे नाही, पण वीस वर्षांचा विचार मनात ठेवूनच आरंभ करावा. सहावीतील विद्यार्थ्याने आणलेले पिलू तो शिक्षण पूर्ण करून नोकरीस लागेल तेव्हाही जिवंत असू शकेल. शाळेत कोळी ठेवावयाचा झाल्यास विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर त्याची निगा कोण राखील, हे आधी ठरले पाहिजे.

दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. उतारावर सापडणारी मोठी, सुरेख झाकणाची बिळे ही वयस्क माद्यांची असतात, आणि उकरून आणण्याचा मोह नेमका त्यांचाच होतो. अशी मादी ही अनेक वर्षांच्या वाढीचे फळ असते. तिची पिले बहुधा दूर जात नाहीत. आईच्या बिळापासून थोड्या अंतरावरच ती आपली चिमुकली बिळे खोदतात. म्हणून एखादी वस्ती काही चौरस मीटरांत सामावलेली असते. तीतून चारपाच माद्या नेल्या तर त्या जागी पुन्हा पिले जन्मावयाची नाहीत आणि दुसरीकडून कोणी तेथे येऊन वसण्याचा संभवही थोडा. शिवाय वाढत्या पिलाप्रमाणे वयस्क मादी नवे बीळ तत्परतेने खोदीत नाही. आणलेली मादी बरणीत भटकून मरते आणि मागे राहिलेली वस्तीही ओसरते. प्रारंभ बंदिवासात जन्मलेल्या पिलाने करावा असे वर म्हटले, त्याचे कारण हे होय.

भारतातील झडपकोळी आणि बरणीवाचून पालन

भारतातही झडपकोळी आहेत. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक ह्याच्या १९०० मधील ग्रंथात येथील अनेक जातींचे वर्णन आले. पुढे कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयातील ग्रेव्हली ह्याने १९१५ मध्ये बिहारवरून नाव दिलेल्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. इडिओप्स ह्या वंशाचे कोळी देशाच्या निरनिराळ्या भागांत आढळतात. त्यांच्या आठ डोळ्यांपैकी दोन इतरांपासून अलग, अगदी पुढच्या कडेवर असतात. ह्याच वंशातील इडिओप्स बॉम्बेएन्सिस ह्या जातीचे वर्णन तर २००५ मध्ये झाले. मुंबईसारख्या गजबजलेल्या नगराचे नाव धारण करणारी जात एकविसाव्या शतकापर्यंत शास्त्रास अज्ञात राहावी, ह्यावरून ह्या क्षेत्रात अजून किती काम उरले आहे ह्याची कल्पना येते.

अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने ह्यांतून परवानगीवाचून कोणताही वन्य प्राणी नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी शाळेसाठी बरणीहून अधिक चांगला मार्ग उपलब्ध आहे. तो म्हणजे मेन ह्यांचा मार्ग. शाळेच्या आवारातील बांध, ओढ्याचा काठ, पायवाटेकडेचा मातीचा उतार अशा स्थळी, पावसाळा ओसरून माती आवळू लागली म्हणजे, बारकाईने पाहावे. मातीवर चंद्रकोरीसारखी बारीक रेघ किंवा सभोवतालच्या मातीहून किंचित निराळी चकती दिसल्यास ते झाकण असण्याचा संभव असतो. तेथे बोट किंवा काडी घालू नये. बिळात विंचू, घोण किंवा सापही असू शकतो. बिळापासून एक वीत अंतरावर क्रमांकाची खुंटी ठोकावी आणि वहीत त्याचे पान उघडावे.

त्या पानावर तारीख, पावसाची स्थिती, झाकण उघडे की बंद, बाहेर टाकलेले कीटकांचे अवशेष आणि झाकणाची रुंदी एवढी नोंद पुरे. कोळी वाढतो तसतसा तो बीळ रुंद करतो आणि झाकणाच्या कडेस भर घालतो. म्हणून कोळ्यास न पाहताही पट्टीने त्याची वाढ मोजता येते. महिन्यातून एकदा केलेली ही मोजणी पाचसहा वर्षे चालली, तर तीतून आपल्या प्रदेशातील झडपकोळ्याचे आयुष्य, त्याचे शत्रू आणि त्याचे ऋतुमान ह्यांविषयी मौलिक माहिती हाती येईल. ह्या कामास सूक्ष्मदर्शक लागत नाही. पट्टी, पेन्सिल आणि वही एवढ्या साहित्यावर कोणत्याही खेड्यातील शाळा ते करू शकेल.

मग पाळणे कशास म्हणावे? बरणीतील पिलास योग्य माती देऊन त्याचे दार मिटलेले राहू देणे हे पाळणेच आहे. बांधावरील मादीच्या बिळाजवळ खुंटी ठोकून, तो बांध खणला जाऊ नये, तेथे औषध फवारले जाऊ नये आणि कोणी झाकण उचकटू नये, एवढी काळजी वाहणे हेही पाळणेच आहे. दोन्हींत प्राणी आपल्या दाराआड आणि पाळणारा बाहेर असतो. आज सहावीत असलेल्या मुलांनी ठोकलेली खुंटी त्यांच्यामागून येणाऱ्या मुलांना जागच्या जागी सापडावी आणि तिच्याशेजारचे झाकण मागील नोंदीपेक्षा दोन मिलिमीटर रुंद भरावे, हे त्या काळजीचे फळ होय.